दादाला दिलेली आयडी

माझ्या थोरल्या भावाला मी आयुष्यात एकच मोठी भेट दिली, आणि ती त्याच्या मुळावर आली. भेट हातात धरण्यासारखी नव्हती. मोबाइलवरच्या लढाईच्या एका गेममधली माझी आयडी होती, सहा वर्षं खपून वर चढवलेली. चांगल्या मनाने दिली होती, असं मी अजूनही स्वतःला सांगतो आणि मग माझाच मला राग येतो.

मी राहतो पुण्याजवळ रावेतला, कामाला चाकणला. कंपनीची बस सकाळी घ्यायला येते, निगडीवरून स्पाइन रोडने मोशी गाठते आणि पुढे चाकणच्या रांगेत जाऊन अडकते. पूर्वी बसमध्ये सगळे झोपायचे. मग कुणीतरी हा गेम आणला आणि मागच्या सीटांवर आमची एक टोळीच जमली. ट्रॅफिक जाम लागला की बाकीची बस कपाळाला हात लावायची आणि आम्ही खूश व्हायचो. चाकणच्या चौकात बसून मी जेवढं शिकलो तेवढं शाळेत शिकलो नाही, असं मी फुशारकीने सांगायचो.

गेम तसा साधा आहे. दोघांनी आळीपाळीने चाली करायच्या. आपला किल्ला, आपली फौज, मधे नदी, डोंगर, पूल. एका चालीला चाळीस सेकंद. समोरचा कुठे बसून खेळतोय ते कळत नाही, त्याचं नाव आणि रँक तेवढी दिसते. जिंकलं की रँक चढते, हरलं की उतरते, आणि गेम तुमच्यासमोर आणतो तो माणूस तुमच्याच रँकच्या आसपासचा असतो. गावच्या जत्रेत कुस्तीला पंच दोन पोरांना शेजारी उभं करायचे, दंड चाचपायचे आणि मगच जोड ठरवायचे. इथे ते काम कंप्युटर करतो. जोड तोलामोलाची नसली तर जत्रेत पंचांना शिव्या बसायच्या. इथे शिव्या कुणाला द्यायच्या ते कळत नाही.

माझी आयडी वरच्या दर्जात होती. एकदा त्या दर्जात पोचलं की पुढचे तीन महिने ती आयडी त्याच्या खाली घसरत नाही, कितीही हरा. मला त्याचा केवढा अभिमान! पाहुण्यांनासुद्धा मी मोबाइल काढून दाखवायचो. बायको म्हणायची, दहावीचं मार्कशीटपण इतक्या प्रेमाने कधी दाखवलं नाही तुम्ही.

आता दादाबद्दल. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. धाराशिवकडच्या आमच्या गावातून इकडे पहिला तोच आला. भोसरीत एका शेडमध्ये लेथवर लागला, दिघीत खोली केली आणि मग एकेक करून आम्हा सगळ्यांना ओढून आणलं. आमच्या पट्ट्यात माणूस कंपनीत आपला आपण लागत नाही, त्याला कुणीतरी लावतं. मामा भाच्याला लावतो, मेव्हणा मेव्हण्याला लावतो, आणि ज्याला लावलं तो जन्मभर लावणाऱ्याचं नाव काढतो. मला दादाने लावलं.

लावलं खरं, पण पहिले तीन महिने त्याने मला मशीनला हात लावू दिला नाही. आधी झाडू मारून लोखंडाच्या चिप्स गोळा करायच्या, मग कानशीने जॉबच्या, म्हणजे मशीनवर कापलेल्या तुकड्याच्या, कडा साफ करायच्या, मग मापाचा व्हर्निअर धरायला शिकायचं. 'मशीन उद्या बी हाय,' म्हणायचा, 'आधी हात बसू दे.' मी बारावी झालेला, डोक्यात हवा गेलेली. एकदा झाडू फेकून सरळ खोलीवर निघून आलो. संध्याकाळी दादा आला, भाकरीचं ताट माझ्याकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशी मीच मुकाट्याने झाडू उचलला. त्याच्या हाताखाली शिकलेली माणसं आज चाकणला ठिकठिकाणी सेटर आहेत, सुपरवायझर आहेत. त्यांतल्या एकाचंही बोट मशीनमध्ये गेलं नाही. स्वतःबद्दल दादा एवढी एकच गोष्ट अभिमानाने सांगायचा.

पुढे तोही चाकणला आला, आमच्याच कंपनीत, टूल रूममध्ये. आणि त्रेपन्नाव्या वर्षी एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून रेझर पडला. पॅरालिसिसचा झटका. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. चार महिन्यांत पुष्कळ सुधारला. चालायला लागला, बोलायला लागला. पण कधी कधी शब्द सापडायचा नाही. डबा मागायचा असायचा आणि 'ते... हे...' म्हणून थांबायचा. मग त्याच्या कपाळावर आठी यायची आणि वहिनी पटकन दुसरीकडे बघायची.

कंपनी वाईट वागली नाही, हे सांगितलं पाहिजे. एचआरच्या मॅडम स्वतः दिघीला घरी आल्या. नवीन ट्रेनी मुलामुलींसाठी कंपनीने एक ट्रेनिंग रूम उघडली होती. मॅडम म्हणाल्या, मशीन चालवायची नाही, उभं राहायचं नाही, खुर्चीत बसून नव्या लोकांना पहिले सहा आठवडे शिकवायचं. तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण शिकवणार? महिनाअखेरपर्यंत कळवा, आम्ही थांबतो.

दादाला ती जागा हवी होती. त्याने तोंडाने 'बगू' म्हटलं, पण मॅडमची गाडी गल्लीबाहेर गेली तेव्हा त्याने डाव्या हाताने कपाट उघडलं, कंपनीचा निळा शर्ट काढला आणि वहिनीला म्हणाला, ह्याची कॉलर बग, उलटून घ्यावी लागंल. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. इतक्या महिन्यांनी त्या घरात कुणीतरी पुढच्या महिन्याबद्दल बोललं होतं.

पण त्याला एक भीती होती, आणि ती त्याने मलाच सांगितली. 'हात गेला त्याचं काय न्हाई. शिकवायला डोकं लागतं. ते किती राह्यलंय ते आधी बगावं लागंल.' डॉक्टर सांगत होते, डोकं ठीक आहे, थोडं हळू चालेल, काहीतरी खेळत राहा, विचार करायला लावणारं. दादाचा डॉक्टरवर विश्वास नव्हता. तपासल्याशिवाय जॉब पास करायचा नाही, ही त्याची तीस वर्षांची सवय.

मी म्हटलं, हात्तिच्या! विचार करायला लावणारा खेळ ना? माझ्याकडे आहे की.

रविवारी दिघीला गेलो. त्याच्या मोबाइलवर नवी आयडी काढून द्यायला दोन मिनिटं लागली असती. पण मला ते बरं वाटेना. नव्या आयडीला काय मिळतं? एक पडका बुरूज आणि बारा शिपाई. माझ्या आयडीवर सगळे किल्ले बांधलेले, सगळे सरदार हाताशी. ज्या दादाने मला तयार खोली दिली, तयार नोकरी दिली, त्याला मी शून्यापासून सुरुवात करायला लावू? मी म्हणालो, 'दादा, ही माझी आयडी आजपासून तुझी.' बोलताना माझे डोळे भरून आले होते, इतका मी स्वतःवर खूश होतो.

मग दहा मिनिटांत शिकवलं. ही फौज, हा पूल, इथे दाबलं की पुढे जातात, इथे दाबलं की थांबतात. दादा विचारत होता, हे कशाला, ते कशाला. स्क्रीनवर बटणंच बटणं. नवा माणूस आला की गेम त्याला बोट धरून शिकवतो, एक बटण दाखवतो, ते जमलं की दुसरं उघडतो. जुन्या आयडीला तो काहीच सांगत नाही, कारण त्याच्या लेखी हा माणूस सहा वर्षं मुरलेला. म्हणजे जे शिकवायचं ते मीच शिकवायला हवं होतं. आणि मला त्या दिवशी सासुरवाडीला जेवायला जायचं होतं. 'बाकीचं खेळता खेळता येईल रे,' म्हणालो आणि उठलो.

मी स्वतःसाठी नवी आयडी काढली. सुरुवातीचे डाव तर डोळे मिटून जिंकलो, आणि पुढे खालच्या दर्जात मला फारच मजा यायला लागली. तिथे सगळी काल-परवा आलेली माणसं. चौथ्या चालीला त्यांचा पूल तोडायचा आणि मग बघत बसायचं, बिचारे फौज घेऊन नदीकाठी येरझाऱ्या घालतायत. मागच्या सीटा खदखदून हसायच्या. आमच्या टोळीत मेंटेनन्सचा एक फिटर होता, मिरजेकडचा, शांत माणूस, पण खेळायला वरच्या दर्जातला. तो एकदा म्हणाला, 'भाऊ, लहान पोरांची पाठ टेकवून काय मिळतं तुम्हाला?' मी म्हणालो, 'मजा मिळते राव.'

म्हणजे मी नवख्यांत जाऊन बसलो होतो आणि नवख्याला वस्तादांत नेऊन बसवलं होतं. आज हे एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दोन आठवड्यांनी बसमध्ये असताना दादाचा फोन आला. 'आरं, एक इचारायचं हुतं. साधारण माणूस ह्यात किती डाव जिंकतो?'

माझा डाव रंगात आला होता. मी म्हणालो, 'निम्मे. गेम जोडच तशी लावतो ना. दहात पाच कुणीही जिंकतो. अगदी ढ असला तरी तीन-चार कुठे गेले नाहीत.'

'व्हय?'

'व्हय म्हणजे काय, ठरलेलंच आहे.'

'बरं,' म्हणाला आणि फोन ठेवला. तू किती जिंकलास, एवढं साधं मी विचारलं नाही. मी कुणाचा तरी पूल तोडत होतो.

महिना संपला त्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन. 'भाऊजी, ह्यांनी कंपनीला नाही म्हणून कळवलं. पत्र लिहून घेतलं माझ्याकडून आणि सही केली. तुम्ही या.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिफ्ट सुटल्यावर मी बस चुकवून, एका टेम्पोवाल्याला हात करून मोशीपर्यंत आलो आणि तिथून रिक्षाने दिघी गाठली. दारातूनच सुरू झालो. कंपनी घरी येऊन खुर्ची देते, लोक त्यासाठी पाया पडतात, आणि तू पत्र पाठवतोस? काय कमी होतं त्यात? वहिनीचं तोंड बघितलंस का? दादा कॉटवर बसला होता. माझं ओरडून होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, 'बस.'

त्याने उशाखालून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला डाव्या हाताने वेड्यावाकड्या रेघा मारून दोन रकाने केले होते, जसे कंपनीत तपासणीच्या कागदावर असतात. एकावर लिहिलं होतं ओके, दुसऱ्यावर रिजेक्ट. रिजेक्टचा रकाना खालपर्यंत खुणांनी भरलेला. ओकेचा कोरा.

'चौसष्ट,' दादा म्हणाला. 'आता तू सांग. चौसष्ट जॉब सलग रिजेक्ट आले, तर तू मशीन चालू ठेवशील का बंद करशील?'

मी हसलो. देवाशपथ हसलो. म्हणालो, 'दादा, अरे गेम आहे तो!'

'गेम हाय, पर डोक्याचा हाय. तूच म्हनलास, ढ माणूस बी तीन-चार जिंकतो. मी मनाशी ठरवलं हुतं, एक जिंकलो तरी हो म्हणून कळवायचं. एकच.' मग थोडा वेळ शब्द शोधत राहिला. 'पोरं माझ्याकडून शिकून मशीनवर जाणार. माझ्या डोक्यानं दगा दिला आणि कुणाचं बोट गेलं तर? नगं ते.'

तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. उलट, जे वाटलं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, दादाचं डोकं खरंच गेलं. चौसष्टात एकही नाही म्हणजे आत काहीतरी कायमचं बिघडलंय, डॉक्टर काहीही म्हणोत. घरी जाताना मी रिक्षा मधेच सोडली आणि भोसरीत पुलाखाली उभा राहून रडलो. ज्याने मला माणसात आणलं तो माझा भाऊ संपला, म्हणून रडलो. तो संपलेला नव्हता. मी जिवंत माणसासाठी रडत होतो, आणि त्याला मारणारा मीच होतो.

पंधरा-सोळा दिवस गेले. एका सकाळी बस नेहमीच्या ठिकाणी अडकली होती आणि तो मिरजेचा फिटर माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, 'भाऊ, मागच्या महिन्यात बरं नव्हतं का तुम्हाला? तुमच्या जुन्या आयडीशी माझे तीन डाव लागले. पहिल्यात तर तुम्ही पूलच बांधला नाही. मला वाटलं, आपला माणूस म्हणून सोडताय.'

मी हातातला डाव अर्धवट सोडला.

'पण तिसऱ्याला घाम काढलात राव,' तो पुढे म्हणाला. 'नदीच्या उथळ पाण्यातून फौज आणलीत. तिथून कुणी येत नाही. मी वाचलो ते नशिबाने.'

तो डाव त्याने मोबाइलवर पुन्हा लावून दाखवला. मी बघितलं. एकेका चालीला अडतीस, एकोणचाळीस सेकंद लागत होते. हळू, फार हळू. पण एकही चाल वाया नाही. पूल सोडून दिला होता आणि डोंगराच्या मागून, तीन-तीन शिपायांच्या तुकड्या करून, पाणी कमी होतं तिथून फौज पलीकडे नेली होती. सहा वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. शेवटी किल्ल्याच्या दारापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. एक चाल, दोन चाली, तीन चाली, शिपाई दाराशी नुसते उभे.

'हेच मला कळेना,' फिटर म्हणाला. 'इथे तोफ का नाही लावलीत?'

तोफेशिवाय दार फुटत नाही, आणि तोफेचं बटण मी दादाला दाखवलंच नव्हतं. चौसष्ट डाव तो तोफेशिवाय लढला होता. आणि लढला कुणाशी? या फिटरसारख्यांशी, आमच्या बसमधल्या सगळ्यांत चांगल्या माणसाशी, आणि त्याच्याहूनही चांगल्या लोकांशी. आयडी माझी, म्हणून जोड माझी. दर्जा खाली घसरत नव्हता, म्हणून चौसष्ट वेळा तीच जोड. मी त्याला सांगितलं होतं, दहात पाच कुणीही जिंकतो. त्या बसमध्ये, लोकांच्या देखत, मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. फिटर घाबरून उठला.

बसमधून उतरलो तो थेट एचआरमध्ये गेलो. मॅडमना म्हणालो, दादाचं पत्र फाडून टाका, चूक झाली, चूक माझी आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, 'आम्ही आठ दिवस थांबलो होतो, की त्यांचं मन बदलेल. आता या सोमवारी दुसरे गृहस्थ रुजू झालेत.' मी त्यांना गेम, रँक, तोफ सगळं सांगायला लागलो. बोलता बोलता माझं मलाच कळलं, हे किती पोरकट ऐकू येतंय. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि मी तो पिऊन बाहेर आलो.

रविवारी दिघीला गेलो. कबूल करायचं ठरवून गेलो होतो, पण दारात दादाला बघितलं आणि शेपूट घातलं. मी ठरवलं, आधी याला जिंकू दे, जरा उभारी येऊ दे, मग सांगू. त्याच्या मोबाइलवर कोरी आयडी काढली. या वेळी गेमने त्याला एकेक बटण दाखवलं आणि मी गप्प बसून राहिलो. तोफ आली तेव्हा दादा म्हणाला, 'ही कुठनं आली?' मी पुढच्या बटणाकडे बोट दाखवलं.

पहिला डाव तो जिंकला. वहिनी हात पुसत बाहेर आली. दुसरा जिंकला. तिसरा जिंकला तेव्हा वहिनीने साखरेचा डबा आणला आणि चिमूटभर त्याच्या तोंडात घातली. चौथ्याला दादा हसत नव्हता. खेळता खेळता डावा अंगठा मधेच थांबवत होता, घड्याळाकडे बघत होता. तोही डाव जिंकला आणि त्याने मोबाइल कॉटवर पालथा ठेवला.

'ह्यो माणूस न्हाई,' तो म्हणाला.

'कोण?'

'समोरचा. दर डावाला नाव बदलतंय, पर हात एकच हाय. मी अडचणीत टाकलं तरी पाच सेकंद घेतो, सोपं दिलं तरी पाचच. माणूस अडला की थांबतो. ह्यो थांबत न्हाई. मशीनचा ठरलेला सायकल टाइम हाय ह्यो.'

आमच्या बसमध्ये अशी कुजबुज होती खरी. नवा माणूस सुरुवातीलाच हरून पळून जाऊ नये म्हणून गेम पहिले काही डाव त्याच्यासमोर कंप्युटरचेच बाहुले उभे करतो, त्यांना माणसांची नावं देतो. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी नव्या आयडीवर हेच डाव मी स्वतः खेळलो होतो, मला काही दिसलं नव्हतं. तीस वर्षं मशीनपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ते चार डावांत दिसलं. आणि या माणसाचं डोकं गेलं म्हणून मी पुलाखाली रडलो होतो!

मी ओरडलोच, 'दादा, तुझं डोकं शाबूत आहे! माझ्याहून चांगलं आहे!'

'बाहुल्याला हरवून?' तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, लहानपणी चोरी पकडल्यावर बघायचा तसं. 'खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून तू लावलास का ह्यो माझ्यापुढं?'

आता पळायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं. आयडी कुणाची, रँक कुणाची, ती घसरत का नव्हती, समोर कोण लोक होते. फिटर काय म्हणाला तेही सांगितलं, नदीच्या उथळ पाण्याचंही सांगितलं. तोफेचं सगळ्यात शेवटी सांगितलं. वहिनी साखरेचा डबा हातात धरून तशीच उभी होती.

माझं संपल्यावर त्याने विचारलं, 'म्हंजे माझ्या जोडीचा त्यात एक बी न्हवता?'

'एकही नव्हता, दादा.'

'आणि तोफ हुती.'

'पहिल्या डावापासून होती.'

त्याने मान हलवली. 'आधी सांगायचंस की रे,' म्हणाला. शिव्या दिल्या नाहीत, आवाज चढवला नाही. कानाखाली मारली असती तर मी त्याचे पाय धरले असते. त्याने तेवढीसुद्धा सोय ठेवली नाही.

पत्र पाठवल्यापासून त्याने कंपनीचं नाव काढलं नव्हतं. वहिनीने विषय काढला तर उठून बाहेर जायचा. आता उजवा हात डाव्या हाताने मांडीवर घेऊन तो बोटं एकेक करून उघडत होता, मिटत होता. मग खाली बघतच त्याने विचारलं, 'ती जागा भरली का रे?'

मला खोटं बोलावंसं वाटलं. आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं.

'भरली, दादा. सोमवारी.'

'बरं झालं,' तो म्हणाला. 'पोरांचं खोळंबायला नगं.'

आणि माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.